कानासाठी निबंध: लेखनवर्गात ध्वनिनिबंध कसा करावा

आमच्या वर्गातल्या एका मुलीने २०१९च्या महापुरावर निबंध लिहिला होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, असं सगळं त्यात होतं आणि ते बरोबर होतं. मग तिने तोच विषय आजीला विचारला आणि फोनवर रेकॉर्ड केला. आजी म्हणाली, “पाणी उंबऱ्याला लागलं तवा तवा चुलीवरच हुता.”

हे वाक्य कागदावर वाचताना कुणीही अडखळेल. ‘तवा’ चुकून दोनदा छापलंय असं वाटेल. आजीच्या तोंडून मात्र पहिला ‘तवा’ हलकेच येतो, मग ती किंचित थांबते आणि दुसऱ्या ‘तव्या’वर जोर देते. भाकरी चालू होत्या आणि पाणी घरात आलं, हे त्या जोरावरून लगेच कळतं. मुलीने लेखी निबंधात ‘तेव्हा’ अशी दुरुस्ती करून टाकली होती. व्याकरण सुधारलं, पण निबंधातून आजी गेली.

ध्वनिनिबंध करायचा तो यासाठी. लिहिलेला निबंध माइकसमोर वाचून दाखवला म्हणजे तो ध्वनिनिबंध होत नाही. त्यात तुमचं म्हणणं असतं, तुमचा आवाज असतो, इतरांचे आवाज असतात, जागेचा आवाज असतो, आणि या सगळ्यांनी मिळून एक विचार पुढे न्यायचा असतो. मी लेखनाच्या वर्गात हे करून घेते. ज्या क्रमाने करून घेते, त्याच क्रमाने इथे सांगते.

आधी आठवडाभर नुसतं ऐका

फोन खिशात ठेवा, वही घ्या आणि एका जागी दहा मिनिटं बसा. एसटी स्टँड, मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, गणपती मंदिरामागचा घाट, तुमच्या घराची मागची पडवी, कुठलीही जागा चालेल. जे ऐकू येतं ते लिहा. ‘गाड्यांचा आवाज’ असं लिहू नका. उसाचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या दोन ट्रॉल्यांमधली साखळी खडखडते का, ड्रायव्हरने लावलेलं गाणं आधी ऐकू येतं की इंजिन, ते लिहा. मुलं पहिल्या दिवशी चार-पाच आवाज लिहून आणतात आणि आठवड्याच्या शेवटी पानभर. हा आठवडा वगळला तर पुढचं सगळं पोकळ होतं, म्हणून मी तो कधीच वगळू देत नाही.

विषयाला एक प्रश्न विचारा

वाचून कळणार नाही असं काय ऐकून कळेल? याचं उत्तर नसेल तर तो विषय लेखी निबंधासाठी ठेवा.

एक मुलगा मिरजेला सतारमेकर गल्लीत गेला होता. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर त्याला करायचं होतं. मानांकनाची माहिती कागदावर एका वाक्यात सांगून होते. त्याने तिथे बसून जवारी काढतानाचा, म्हणजे तारेचा झणकार खुलवतानाचा आवाज घेतला. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर कानस फिरते, कारागीर तार छेडतो, ती बोथट वाजते. पुन्हा दोन हात कानस, पुन्हा तार. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला जातो आणि तो तसूतसूने पुढेमागे होताना एका जागी आवाज उघडतो, तारेतून झणकार येतो. आधीचा आणि नंतरचा आवाज मिळून चाळीस सेकंदही नसतील. जवारी म्हणजे काय हे मी वर्गात अनेकदा समजावलं आहे. त्या चाळीस सेकंदांनंतर कुणी विचारलं नाही.

संहिता: डोळ्याची नव्हे, कानाची

पाच मिनिटांच्या निबंधाला साधारण साडेपाचशे शब्द लागतात. मध्ये इतरांचे आवाज येणार असतील तर तुमचे चारशे पुरेत. मुलं नेहमी दुप्पट लिहून आणतात आणि मग भराभर वाचतात. वेग वाढवू नका, शब्द कापा.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. पानावर लांब वाक्य वाचताना डोळा मागे जाऊन कर्ता शोधून आणतो. कानाला मागे जाता येत नाही. ऐकणारा कर्ता हातात धरून क्रियापदाची वाट बघत बसतो, आणि मध्ये तीन पोटवाक्यं आली की तो कर्ता त्याच्या हातून सुटतो. हे वाक्य बघा: ‘गेली चाळीस वर्षे पेठेत दुकान चालवणारे, महापुरात दोनदा माल गमावलेले आणि तरीही जागा न सोडलेले माझे आजोबा आता थकले आहेत.’ कानासाठी ते असं होईल: ‘माझे आजोबा आता थकलेत. चाळीस वर्षं त्यांनी पेठेत दुकान चालवलं. महापुरात दोनदा माल गेला. जागा सोडली नाही.’

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’ हे शब्द काढून टाका. कानाला वर आणि खाली नसतं. कंसात काही टाकलं असेल तर तेही वाक्यात आणा. ‘तो’, ‘ती’, ‘त्यांनी’ फार झाले की माणसाचं नाव किंवा नातं पुन्हा सांगा. ‘केले’, ‘गेले’ असं लिहिलं असेल तर ‘केलं’, ‘गेलं’ करा, कारण तुम्ही बोलता तसंच लिहून ठेवलं नाही तर वाचताना आवाज आपोआप भाषणाचा होतो.

पूर्ण संहिता उभं राहून मोठ्याने वाचा. जिथे धाप लागते तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द बदला. सांगलीकडचं बोलणं लपवायची अजिबात गरज नाही. ‘लई’ म्हणत असाल तर ‘लई’ म्हणा. पुण्याच्या बातम्यांसारखं बोलायला गेलेली मुलं निम्मं लक्ष उच्चारात घालवतात आणि निबंधात जीव उरत नाही. मी स्वतः कॉलेजात असताना तेच केलं होतं, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते.

रेकॉर्डिंग

महागडा माइक नको. साधा फोन पुरतो, पण काही गोष्टी पाळाव्या लागतात.

फोन फ्लाइट मोडवर टाका. किती जागा शिल्लक आहे ते बघा. हे मी मोठी किंमत मोजून शिकले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी मी तासभर बोलले होते. घरी येऊन बघते तर पंधराव्या मिनिटाला फोन आला होता आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं होतं. पुन्हा गेले. त्यांनी सगळं प्रेमाने पुन्हा सांगितलं, पण ते आता सांगून झालेलं होतं. पहिल्यांदा आठवताना ते जिथे थांबले होते, तिथे दुसऱ्यांदा थांबले नाहीत. तेव्हापासून मी आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून, इअरफोन लावून ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

खोली निवडताना टाळी वाजवून बघा. टाळी घुमली तर आवाजही घुमेल. फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परतवतात, कपडे आणि गाद्या तो पितात. हॉस्टेलमध्ये कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, किंवा समोर दोरीवर गोधडी टाका. पंखा बंद, फ्रिज शेजारी असेल तर तोही थोडा वेळ बंद. पहाटे किंवा रात्री दहानंतर गल्ली शांत असते.

फोन तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला धरा. मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘ख’ अशी महाप्राण व्यंजनं भरपूर आहेत. ‘भाकरी’ किंवा ‘फार’ म्हणताना हवेचा झोत बाहेर पडतो, आणि तो सरळ माइकवर आदळला की ‘धप्’ असा आवाज येतो. तळहात तोंडासमोर धरून ‘भ’ म्हणा, म्हणजे झोत कुठे जातो ते कळेल. फोन त्या रेषेतून बाहेर ठेवला की पुरे.

घाटावर वारा असतो. वारा माइकवर घासला की मागून काहीच काढता येत नाही. वाऱ्याकडे पाठ करा, फोनवर पातळ सुती रुमाल एक पदर टाका, तरी वारा असेलच तर दुसऱ्या दिवशी जा.

जिथे रेकॉर्ड कराल तिथे निघण्याआधी एक मिनिट कुणीही न बोलता फोन चालू ठेवा. जागेची ती शांतता जोडणीच्या वेळी उपयोगी पडते. दोन वाक्यांमधली जागा तिने भरली की सांधा कळत नाही. कोरी शांतता टाकली तर ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्याचा आवाज घेताना आधी सांगा: हे कशासाठी आहे, कोण ऐकणार आहे, कुठे ठेवलं जाणार आहे. त्यांचा होकारही रेकॉर्डिंगमध्येच घ्या. नंतर त्यांनी ‘ते तेवढं काढ’ म्हटलं तर काढा, वाद घालू नका. सिनेमाची गाणी लावू नका. त्यांवर दुसऱ्यांचे हक्क असतात, शिवाय गाणं आपल्या भावना घेऊन येतं आणि तुमचं काम स्वतःच करून टाकतं.

जोडणी

कम्प्युटरवर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एवढ्या कामाला ते भरपूर आहे. मूळ फाइलींची वेगळी प्रत आधी ठेवा. एका ट्रॅकवर तुमचा आवाज, दुसऱ्यावर इतरांचा, तिसऱ्यावर जागेचा. जागेचा आवाज बोलण्याखाली चालू असेल तर इतका कमी ठेवा, की तो आहे हे बंद केल्यावरच लक्षात यावं. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन सेकंदांत तो हळूहळू वर-खाली करा.

श्वास सगळे काढू नका. श्वास काढलेला माणूस यंत्र वाटतो. आजीने आठवताना घेतलेला थांबा तर मुळीच कापू नका, तो निबंधाचाच भाग आहे. अडखळणं, ‘म्हणजे... म्हणजे’, खोकला, एवढं कापा.

तयार निबंध १२८ केबीपीएस एमपी३ केला की पाच मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आसपास होते. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत लेखी प्रत द्या. वर्गात कमी ऐकू येणारं कुणी असेल, तर त्याच्यासाठी निबंध तिथेच असतो.

वर्गात ऐकणं, आणि मग चिंतन

बऱ्याच ठिकाणी निबंध तयार झाला की विषय संपतो. माझ्या मते लेखनाचं शिक्षण इथून सुरू होतं, म्हणून मी निम्मे गुण चिंतनाला ठेवते.

वर्गात निबंध लावला की पहिल्यांदा कुणीही काही लिहायचं नाही, डोळे मिटून ऐकायचं. दुसऱ्यांदा प्रत्येकाने दोनच नोंदी करायच्या: कितव्या मिनिटाला लक्ष उडालं आणि कितव्या मिनिटाला परत आलं. ‘छान झालं’ हे शब्द वर्गात चालत नाहीत. पंचवीस जणांपैकी पंधरा जणांचं लक्ष २ मिनिटं १० सेकंदांना उडालं असेल, तर तिथे काय आहे ते निबंधकर्त्याला स्वतःच सापडतं. बहुतेक वेळा तिथे लांब वाक्य किंवा उपदेश असतो.

स्वतःचा आवाज ऐकून मुलांना लाज वाटते. हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर काही जण काम सोडून देतात. बोलताना आपल्याला आपला आवाज हवेतून तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून जड सूर जास्त पोहोचतात. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून गेलेला आवाज असतो, म्हणून तो आपल्याला पातळ आणि परका वाटतो. बाकीच्या जगाने तुम्हाला कायम त्याच आवाजात ऐकलेलं आहे.

चिंतन त्याच दिवशी लिहू नका. दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा एकदा एकट्याने ऐका आणि मग चारशे शब्द लिहा. संहिता शेजारी ठेवा आणि बोलताना काय आपोआप बदललं ते आधी बघा. लिहिलं होतं एक आणि तोंडातून आलं दुसरं, अशी जागा हमखास सापडते आणि बहुतेकदा तोंडातून आलेलं जास्त खरं असतं. काय कापलं आणि का, हेही लिहा. ‘मला खूप शिकायला मिळालं’ हे चिंतन नव्हे. ‘वडील गप्प झाले ते सहा सेकंद मी कापले, कारण मलाच ते ऐकवेनात, वर्गाने विचारलं की इथे काहीतरी गेलंय का’ हे चिंतन आहे. हे एका मुलाने खरंच लिहिलं होतं. पुढच्या प्रतीत त्याने ते सहा सेकंद परत घातले.

शेवटचं काम म्हणजे ज्यांचा आवाज घेतला त्यांना निबंध नेऊन ऐकवणं. महापुरावर केलेल्या त्या मुलीने आजीसमोर फोन ठेवला. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “त्या रात्री न्हाई गं, पहाटं आलं पाणी. तू रात्री म्हणालीस.” मुलीने आपली चूक दुरुस्त करून निबंध पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरवलं होतं. मग तिने तसं केलं नाही. ‘रात्री’ तसंच ठेवलं आणि निबंधाच्या शेवटी आजीचं हे वाक्य जोडलं.