सासवड, जेजुरी, वाई, भोर : सायकलवरचा दोन दिवसांचा फेरा

पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, वाठार स्टेशन करत वाईला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मांढरदेव ओलांडून भोरमार्गे परत. पहिल्या दिवशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात, दुसऱ्या दिवशी शंभरेक. नकाशावर घाट ठळक दिसतात, पण पाय संपतात ते मधल्या पट्ट्यात. घाट समोर दिसतो म्हणून माणूस जपून चढतो. जेजुरीच्या पुढे रस्ता सपाट वाटतो आणि नसतो. ओढ्यात उतरायचं, टेकाडावर चढायचं, की पुन्हा ओढा. प्रत्येक टेकाड मोठ्या गिअरवर मारून नेता येतं, आणि पंचविसावं टेकाड आल्यावर त्याचं बिल येतं.

म्हणून आधी गिअरचं बघा. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ किंवा ११-३४ दात्यांची चाकं असतील तर हा फेरा झेपतो. पुढे ३४, मागे ३२ वर मिनिटाला पॅडलचे ६० फेरे मारले तर २८ मिलिमीटरच्या टायरवर ताशी आठ किलोमीटरच्या थोडा वर वेग मिळतो. मांढरदेवच्या चढावर बऱ्याच जणांचा वेग एवढाच असतो. मागचं सगळ्यात मोठं चाक २५ किंवा २८ दात्यांचं असेल तर तोच चढ गुडघ्यावर येतो.

टेकाडाची चाल अशी ठेवा. उतारावर पाय थांबवू नका, हलके फिरवत राहा. समोरचा चढ लागला की अर्धा चढ त्या वेगावरच निघून जातो. पायाला जडपणा जाणवायच्या आत मागचा एक गिअर सोपा करा, मग मागचाच आणखी एक. पुढचं चाक ५० वरून ३४ वर आणायचंच असेल तर ते चढाच्या तोंडाशी आणा आणि त्याच वेळी मागे दोन गिअर जड करा, नाहीतर पाय एकदम हवेत फिरतात. चढाच्या मध्यावर, पूर्ण जोर देत असताना पुढचा गिअर बदलला की साखळी आतल्या बाजूला पडते. पडलीच तर हात काळे करण्याआधी पॅडल हळूच पुढे फिरवत पुढचा गिअर मोठ्या चाकावर टाकून बघा, बहुतेक वेळा ती आपोआप चढते. अडकल्यासारखी वाटली तर जोर लावू नका. फ्रेम कार्बनची असेल तर ओरखडा खोल जातो.

दिवस निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. जेजुरीकडे जाताना तो पाठीला असतो आणि आपण आज जोरात आहोत असं वाटायला लागतं. वाठारहून वाईकडे वळलात की तोच वारा तोंडावर येतो. आषाढी वारीतले माउलींच्या पालखीचे दिवस टाळाच, कारण लोणंदपर्यंतचा हा पालखीचाच रस्ता आहे. जेजुरीसाठी सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठी टाळा, मांढरदेवसाठी काळूबाईच्या यात्रेची पौष पौर्णिमा. तुडवलेला भंडारा दवाने ओला झाला की गुळगुळीत डांबरावर चाक सरकतं, हे जेजुरीच्या वळणावर लक्षात ठेवा.

पहाटे साडेपाचला निघा. पुढे निदान ४०० ल्युमेनचा दिवा, मागे लाल. दिवे घाट चारेक किलोमीटरचा आहे आणि चढ एकसारखा आहे, म्हणजे एक लय धरून चढता येतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला की घाईने गिअर जड करू नका. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या कामामुळे कडेला खडी आणि मुरूम असू शकतो, त्यामुळे आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी करून ठेवा. कोंढव्याकडून बोपदेव घाटाने गेलात तर चढ जास्त तिखट आहे, पण ट्रकचा त्रास कमी.

पंक्चरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या रस्त्यावर ते होतंच. दोन कारणं: बाभळीचा काटा आणि फाटलेल्या ट्रक-टायरची बारीक तार. दोन्ही टायरमध्ये रुतून राहतात. ट्यूब बदलून हवा भरली, पन्नास मीटर गेलो आणि पुन्हा बसलं, असं झालं तर पहिला काटा आतच राहिला म्हणून समजा. टायर बसवताना त्यावरचं नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवायचं. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजा आणि टायरवर दोन्ही बाजूंना त्याच अंतरावर शोधा. बोटाने चाचपू नका, तार बोटात जाते. थोडा कापूस किंवा पातळ फडकं टायरच्या आतून फिरवा. काटा असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. काटा बाहेरून उपटायला गेलात तर टोक आत मोडतं, आतून चिमट्याने धरा किंवा बाहेर ढकला. नवी ट्यूब आधी थोडी फुगवून गोल करा, मग घाला, म्हणजे ती टायरच्या कडेखाली चिमटत नाही. हातपंपाने दीड-दोनशे दट्टे मारावे लागतात. तोपर्यंत गाव गोळा होतं, ते वेगळंच.

दोन ट्यूब, ठिगळं, सोल्यूशन, टायर काढायचे तीन लिव्हर आणि पितळेचा व्हॉल्व्ह अ‍ॅडॉप्टर सोबत हवाच. गावातल्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याची नळी रेसिंग सायकलच्या बारीक फ्रेंच (प्रेस्टा) व्हॉल्व्हवर बसत नाही. अ‍ॅडॉप्टर लावून भरताना थोडी-थोडी हवा सोडायला सांगा. एकदम सोडली तर ट्यूब फुटते. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ७५ ते ८० आणि पुढे ६५ ते ७० पीएसआय पुरेसं होतं. १०० भरून निघणारे लोक गतिरोधकांवर हाडं मोजत जातात आणि वेगही वाढत नाही.

गतिरोधक प्रत्येक शाळेपाशी, देवळापाशी आणि कधीकधी नुसतेच असतात. रंग उडालेला असतो. रम्बलर, म्हणजे बारीक आडवे उंचवटे, पाच-सहाच्या झुबक्यात येतात. त्यावर पॅडल सारख्या पातळीत ठेवा, बूड सीटवरून जरा उचला आणि हँडल घट्ट धरू नका.

आता बाजाराचं गाव. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावाचा आठवडी बाजार ठरलेला असतो. तो वार आधी विचारून घ्या आणि त्या दिवशी गाव सकाळी दहाच्या आत ओलांडा. बाजारात अडचण गर्दीची नसते, दोरीची असते. शेळी रस्त्याच्या एका कडेला, तिची मालकीण दुसऱ्या कडेला आणि मधली दोरी मातीच्याच रंगाची. शेळी दिसली की आधी माणूस शोधा, मगच पुढे जा. एसटी स्टँडच्या तोंडाशी एक पाय पॅडलच्या क्लिपमधून काढून ठेवा. लोणंदला कांद्याच्या मोसमात रस्त्यावर पात आणि पापुद्रे पडलेले असतात. ओल्या पातीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक जागेवर राहत नाही, तिथे मागचाच ब्रेक वापरा. खेड्यात बाजरी-ज्वारी मळायला रस्त्यावर पसरलेली दिसली तर उतरून बाजूने चाला. घसरता तर येतंच, शिवाय ते कुणाच्या तरी घरचं धान्य आहे.

नीरेच्या आसपास कारखाने चालू असताना उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरच्या गाण्यापुढे तुमची घंटा ऐकू जात नाही. ओलांडताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरून अंतर मोजा आणि मागोमाग राहू नका, मोळीतला ऊस निसटतो. अंधारात तर हा रस्ता टाळावाच. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

खाणं भूक लागायच्या आधी. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरा. एक केळं साधारण २५ ग्रॅम, त्यावर दोन राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दोनपैकी एका बाटलीत ओआरएस. मोठी पुडी पूर्ण लिटरासाठी असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळी ओतलीत तर मळमळतं. मिसळ सासवडला नको, पुढे जेजुरी-वाल्ह्याच्या टेकाडांवर ती परत भेटते. ती वाईत खा.

लोणंदनंतर सालपे घाट, मग वाठार स्टेशन. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला जाणारे इथेच रेल्वेतून उतरून पुढे टांग्याने वाईला जात. तुमचाही रस्ता तोच. मध्ये पुणे-बंगळुरू महामार्ग ओलांडावा लागतो, तिथे उतरून चालतच जा. संध्याकाळी वेळ उरला तर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट बघून या, वाईपासून तीनेक किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी मांढरदेव उन्हाच्या आत चढा. भोरकडच्या उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा. धरून ठेवले तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. आंधळ्या वळणावर समोरून टेम्पो पूर्ण रस्ता घेऊन येतो असंच धरून चला.

भोरहून कापूरव्होळला आलात की दोन वाटा आहेत. महामार्गाच्या सर्व्हिस रोडने खेड शिवापूर, मग नव्या बोगद्याकडे न जाता शिंदेवाडीहून जुना कात्रज घाट. पायात जोर उरला असेल तर केतकावळे, नारायणपूर करत सासवड आणि दिवे घाटाने खाली. ही दुसरी वाट लांब आहे आणि नारायणपूरच्या अलीकडे पुन्हा चढ आहे, पण ट्रक जवळजवळ नाहीत.