नवऱ्याला कंपनीत काम करताना लागलंय? आधी कागद बघा

पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते वाचा. सोबत आलेला सुपरवायझर बऱ्याचदा "घरी पडला" सांगून मोकळा होतो आणि मग पुढे सगळं अडतं, त्यामुळे जे झालं तेच, उदाहरणार्थ "कामावर प्रेस मशीनमध्ये हात सापडला" असं लिहून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

पगार २१,००० पर्यंत असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, कपात आहे का बघा. असेल तर कंपनीला अपघाताचा रिपोर्ट द्यावाच लागतो, त्याची कॉपी मागा, गोड बोलून मागा पण मागाच. सुट्टीची सर्टिफिकेटं सलग हवीत, मध्ये गॅप नको, त्यावरच पगाराच्या ९० टक्के मिळतात, नोकरी नवीन असली तरी. बोटबिट कायमचं गेलं तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली ते मेडिकल बोर्ड ठरवतं, नाही पटले तर अपील करता येतं.

आणि हो, पासबुकात वर्षाला २० रुपये कटलेले दिसतायत का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाला तर १ लाख, दोन्ही गेले तर २ लाख, ते ईएसआयसीपेक्षा वेगळे. ३० दिवसांत बँकेत कळवा, बँकवाले स्वतःहून काही सांगत नाहीत.