केबलची तक्रार कुणाच्या टेबलावर टाकायची?

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक कर शाखेत मी निरीक्षक होते. सातारा, कराड, फलटण या भागांतल्या केबलवाल्यांच्या कंट्रोल रूम तपासणं हे आमचं काम. ऑपरेटरनं कागदावर दाखवलेली कनेक्शनं आणि गल्लीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या वायरी यांचा मेळ घालायचा, आणि त्यावर करमणूक शुल्क भरून घ्यायचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ते शुल्क बंद झालं. तेव्हापासून लोकांची समजूत झाली आहे, की आता केबलवर सरकारचं लक्षच नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा फायदा फक्त बेफिकीर ऑपरेटरला होतो. बंद झाला तो कर. 1995 च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्यानं जिल्हा प्रशासनाला दिलेले अधिकार आजही आहेत. तक्रार योग्य टेबलावर पडली तरच ते वापरले जातात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हाताशी कागद हवा. सेटटॉप बॉक्सच्या खालचा क्रमांक, तुमचा ग्राहक क्रमांक आणि शेवटच्या तीन-चार महिन्यांच्या पावत्या किंवा यूपीआयच्या नोंदी एका जागी ठेवा. गल्लीतला मुलगा महिन्याला पैसे घेऊन जातो आणि पावती देत नाही, असं अजूनही सर्रास चालतं. पावती मागून घ्या, नाहीतर पैसे दिल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज तरी पाठवून ठेवा. कनेक्शन घेताना भरलेल्या अर्जाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे, तीही मागा. तुमच्या दारात येतो तो स्थानिक ऑपरेटर. त्याच्या मागे सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी असते, तिला एमएसओ म्हणतात. तिचं नाव बॉक्सवर किंवा टीव्ही सुरू करताना पडद्यावर दिसतं. तक्रारीत दोघांची नावं आली पाहिजेत, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता टेबलं. बिल, पॅक, बंद पडलेला सिग्नल, न मागता लावलेले चॅनेल या गोष्टी घेऊन कलेक्टर कचेरीत येऊ नका. तिथला कारकून तुमचा अर्ज फार तर पुढे पाठवेल आणि महिना जाईल. यासाठी ट्राय, म्हणजे केंद्राचं दूरसंचार नियामक प्राधिकरण, याचे 2017 चे नियम आहेत. एमएसओच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करायचा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. हा क्रमांक नसेल तर तुम्ही तक्रार केलीच नव्हती असं सांगायला कंपनी मोकळी राहते. सिग्नलच नसेल तर 24 तासांत तो सुरू होणं अपेक्षित आहे, आणि सलग 72 तासांहून जास्त बंद राहिला तर तेवढ्या काळाचे पैसे बिलातून कमी करून मागता येतात. ग्राहक सेवेनं दाद दिली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी जा. प्रत्येक राज्यासाठी असा अधिकारी नेमणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि त्याचा पत्ता तिच्या संकेतस्थळावर असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार चालवत नाही, तेव्हा दिल्लीला पत्रं धाडण्यात वेळ घालवू नका. पुढची पायरी म्हणजे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि केबलचं बिल त्याच्या जवळपासही जात नाही. वकील असलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र दाखल व्हायला हवं.

दराबद्दल एक सांगायला हवं. पूर्वी 130 रुपये अधिक कर अशी नेटवर्क शुल्काची, म्हणजे चॅनेलच्या किमतीव्यतिरिक्त नुसत्या जोडणीसाठी घेतल्या जाणाऱ्या पैशांची, कमाल मर्यादा होती. जुलै 2024 मध्ये ट्रायनं ती काढून टाकली. त्यामुळे '130 पेक्षा जास्त घेतातच कसे' ही तक्रार आता टिकत नाही. कंपनीनं स्वतः जाहीर केलेल्या दरापेक्षा जास्त घेतले, किंवा तुम्ही न निवडलेल्या पॅकचे पैसे लावले, ही तक्रार टिकते. लिहिताना तसंच लिहा.

जिल्हा प्रशासनाकडे खरोखर न्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. कायद्यानं जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, आणि आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, यांना प्राधिकृत अधिकारी ठरवलं आहे. यांच्याकडे जाण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे दूरदर्शन. सरकारनं अधिसूचित केलेली दूरदर्शनची आणि संसदेची वाहिनी दाखवणं प्रत्येक केबलवाल्यावर कलम 8 प्रमाणे बंधनकारक आहे. सह्याद्री दिसत नसेल, किंवा इतकी खराब दिसत असेल की बातम्यांची पट्टी वाचता येत नाही, तर ही ऑपरेटरच्या मर्जीवर सोडायची बाब नाही. ज्यांच्या घरी सह्याद्री हाच बातम्यांचा आधार आहे अशी म्हातारी माणसं मी खेड्यापाड्यांत पाहिली आहेत. त्यांच्यासाठी एवढा एक अर्ज कुणीतरी लिहावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट ऑपरेटरचं स्वतःचं लोकल चॅनेल. वाढदिवसाच्या शुभेच्छा, गावची जत्रा, कुठला तरी सिनेमा आणि मधूनमधून जाहिराती. उपग्रह वाहिनीवरच्या कार्यक्रमाची तक्रार आधी त्या वाहिनीकडे करायची असते, तशी व्यवस्था 2021 पासून आहे. लोकल चॅनेलवरच्या कार्यक्रमाची तक्रार मात्र प्राधिकृत अधिकाऱ्याकडे आणि जिल्हास्तरीय संनियंत्रण समितीकडे जाते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक, माहिती खात्याचा अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, बालकल्याण आणि महिला कल्याणाच्या संस्थांचे प्रतिनिधी अशी तिची रचना आहे. जातीधर्मात तेढ वाढवणारं, बायकांची बेअब्रू करणारं, लहान मुलांना अपाय करणारं काही दाखवलं गेलं तर हिच्याकडे जा, आणि लवकर जा. केंद्राच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एमएसओनं अशा चॅनेलचं रेकॉर्डिंग 90 दिवस ठेवायचं असतं. नंतर पुरावा मागून उपयोग नाही. मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ घ्या, त्यात चॅनेलचा क्रमांक आणि वेळ दिसू द्या.

अर्ज कसा लिहावा याबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण टेबलाच्या पलीकडे बसून मी खूप अर्ज वाचले आहेत. दोन पानांचा संताप कुणी वाचत नाही, त्यात नेमकं काय घडलं ते शोधावं लागतं. विषयाच्या ओळीतच कलम घाला: 'केबल टेलिव्हिजन नेटवर्क (विनियमन) अधिनियम 1995, कलम 8 चे उल्लंघन, सह्याद्री वाहिनी न दाखवणे'. पुढे ऑपरेटरचं नाव, एमएसओचं नाव, तुमचा ग्राहक क्रमांक, कोणत्या तारखेपासून काय होतं आहे, ऑपरेटरला कधी सांगितलं आणि तो काय म्हणाला. शेवटी मागणी एकच, स्पष्ट: 'स्थळ तपासणी करून कार्यवाही करावी व झालेली कार्यवाही मला लेखी कळवावी'. आवक शाखेत दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. वाडीतल्या दहा-बारा घरांनी एकत्र सही केलेला अर्ज असेल तर आणखी बरं. तपासणीला जाणाऱ्या माणसाला एकाच घरचा बॉक्स बिघडला आहे की सगळीकडे तेच आहे, हे आधीच कळतं.

ऑपरेटरकडे नोंदणीच नाही असा संशय असेल तर तीही प्राधिकृत अधिकाऱ्याकडे न्यायची गोष्ट आहे. पूर्वी ही नोंदणी मुख्य टपाल कार्यालयात व्हायची आणि दरवर्षी नव्यानं करावी लागायची. जानेवारी 2025 पासून ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय ऑनलाइन करतं, पाच वर्षांसाठी. जुन्या सवयीनं लोक अजून पोस्टात चौकशीला जातात. तिथे जाऊ नका, ऑपरेटरलाच नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. दाखवायला टाळाटाळ झाली की तीच ओळ अर्जात लिहा.

निवडणुकीत या सगळ्यावर आणखी एक पहारा येतो. लोकल केबलवरची राजकीय जाहिरात जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीनं आधी प्रमाणित करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या आदेशापासून हे आहे. नगरपालिकेच्या वॉर्डातला उमेदवार रात्रभर लोकल चॅनेलवर स्वतःची फिल्म फिरवत असेल तर व्हिडिओसकट निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जा. मतदान झाल्यावर केलेल्या तक्रारीनं काही साधत नाही.

वायरी हा नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विषय. रस्त्यावर लोंबणारी वायर, पथदिव्याच्या खांबाला गुंडाळलेली वेटोळी, खोदून तसाच ठेवलेला रस्ता यासाठी नगरपालिकेत मुख्याधिकाऱ्यांच्या आणि ग्रामपंचायतीत सरपंचांच्या नावानं अर्ज द्या. महानगरपालिका असेल तर वॉर्ड ऑफिसात. खांब महावितरणचा असेल तर तिथल्या शाखा कार्यालयात. वायर विजेच्या तारेला टेकली असेल तर अर्ज लिहीत बसू नका, आधी महावितरणला फोन करा आणि तिला हात लावू नका. कुणाला लावूही देऊ नका.

अर्ज दिल्यावर महिनाभरात काही कळलं नाही तर दोन वाटा आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. दुसरी वाट माहिती अधिकाराची, आणि माझा कल हिच्याकडे आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच: 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची व तपासणी अहवालाची प्रत द्यावी'. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील करा, त्यासाठीही मुदत तीसच दिवसांची आहे.