द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर चर्चा का थंडावते? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पंढरपूरपर्यंत द्राक्षपट्ट्यात क्वचितच असे गाव असेल, जिथे बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या तोंडावर हे ग्रुप मोठ्या उत्साहाने सुरू होतात आणि माल काढणीला येईपर्यंत त्यांतील बहुतेकांवर बाजारभावाचे फलक, हवामानाचे फॉरवर्ड आणि सणांच्या शुभेच्छा एवढेच उरते. शेतकऱ्याला बोलायचे नसते, असे मुळीच नाही. तोच शेतकरी कृषी सेवा केंद्राच्या बाकावर डाऊनी या बुरशीजन्य रोगावर तासभर बोलतो. ग्रुपवर तो गप्प बसतो, याची कारणे बहुधा ग्रुप चालवण्याच्या पद्धतीत असतात आणि ती दुरुस्त करता येतात.

गप्प सदस्यांना धारेवर धरणे

‘सर्वांनी सहभाग घ्यावा, अन्यथा काढून टाकण्यात येईल’ असा संदेश अनेक ॲडमिन टाकतात. ऑनलाइन समूहांचा अभ्यास करणारे जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडले होते : सुमारे ९० टक्के लोक केवळ वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक टक्काच बहुतेक मजकूर टाकतो. हे प्रमाण प्रत्येक ग्रुपला तंतोतंत लागू होईल असे नाही, पण वाचणारे नेहमीच जास्त असतात, एवढे त्यातून नक्की घ्यावे. रात्री जेवणानंतर मोबाइल उघडून दुसऱ्याच्या बागेचा अनुभव वाचणारा आणि सकाळी त्यानुसार आपली फवारणी बदलणारा बागायतदार हा ग्रुपचा उपयोग करणाराच सदस्य आहे. त्याला दटावल्याने तो बोलू लागत नाही, निघून मात्र जातो. अनेक ज्येष्ठ बागायतदारांना मराठीत टाइप करणे जड जाते. त्यांच्या व्हॉइस नोटवर बंदी घालण्यापेक्षा, ॲडमिनने ती ऐकून खाली दोन ओळींत सार लिहावे, हे कितीतरी उपयोगाचे ठरते.

प्रश्न पुरता समजण्याआधीच उत्तर देणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते, म्हणून ती नीट पाहू. कोणीतरी एका पानाचा फोटो टाकतो आणि विचारतो, ‘कोणता स्प्रे घेऊ?’ पाच मिनिटांत पाच औषधांची नावे येतात, त्यांतील दोघांचा वाद होतो, विचारणारा गोंधळतो आणि पुढच्या वेळी ग्रुपवर न विचारता थेट दुकानात जातो. खरे तर त्या फोटोवरून काहीच ठरवता येत नव्हते. डाऊनीचे तेलकट पिवळसर डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतात, पण ओलावा असताना येणारी पांढरी बुरशी खालच्या बाजूला असते. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाची राखाडी-पांढरी पावडर मात्र वरच्या बाजूलाही पसरते. म्हणून पहिला प्रतिसाद हा प्रश्नच असायला हवा : ‘दादा, पानाची खालची बाजू दाखवता का? छाटणी कधीची आहे, आणि गेल्या आठवड्यात पाऊस किंवा दव किती होते?’

एवढे विचारले की दोन गोष्टी घडतात. विचारणाऱ्याला आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे असे वाटते, आणि त्याच तारखेला छाटणी केलेले दुसरे बागायतदार आपोआप पुढे येतात, कारण आता त्यांच्याकडे तुलना करण्यासारखे काही असते. चर्चा येथून सुरू होते. मात्र हेच प्रश्न दहा रकान्यांचा नमुना करून ‘ही माहिती भरल्याशिवाय प्रश्न विचारू नये’ असा नियम केला, तर बाग हातची जात असलेला माणूस तो नमुना भरत बसणार नाही.

याच चुकीचे दुसरे रूप म्हणजे तज्ज्ञाचे एका ओळीचे उत्तर. ग्रुपवर एखादे सल्लागार किंवा कृषी अधिकारी असतील, तर त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो आणि त्यानंतर कोणी बोलत नाही. तातडी नसेल तेव्हा तज्ज्ञांनी तासाभराने उत्तर द्यावे आणि ‘का’ हे सांगावे, अशी विनंती त्यांना खासगीत करावी. फुलोऱ्यात पाऊस झाला असेल, तर अर्थातच थांबू नये.

एका बाबतीत मात्र ॲडमिनने लगेच मध्ये पडलेच पाहिजे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्या वेलीची वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात गेलेला माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर शेतकऱ्यांनाही त्याचा मोठा फटका बसला. म्हणून ग्रुपवर कोणी शिफारस नसलेले रसायन सुचवले किंवा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतील अंतर) चुकीचा सांगितला, तर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारस यादीचा आधार देऊन तेथेच दुरुस्ती करावी. सूर सौम्य असावा, पण ढिलाई नसावी.

रोज ‘आजचा विषय’ देणे

ओढूनताणून दिलेल्या विषयावर कोणी बोलत नाही. ‘सेंद्रिय शेतीबद्दल आपले मत काय?’ या प्रश्नाला फार तर चार अंगठे मिळतात. बागेच्या वेळापत्रकाला धरून विचारलेला नेमका प्रश्न वेगळा असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात ‘या वर्षी सबकेन (शेंडा खुडून घेतलेली उपकाडी) कोणत्या पानावर केली?’ किंवा ऑक्टोबर छाटणीपूर्वी ‘काडी तपासणीत घड कोणत्या डोळ्यावर (काडीवरील कळीत) दिसले?’ असे विचारा. ज्याने ते काम त्याच आठवड्यात केले आहे, त्याला उत्तर देण्यासाठी विचार करावा लागत नाही.

माहितीच्या ढिगाऱ्याखाली प्रश्न गाडणे

सकाळी सहाला विचारलेला प्रश्न आठपर्यंत तीस सुप्रभातांच्या वर सरकून जातो. भाव, अंदाज आणि सरकारी परिपत्रके यांसाठी वेगळा ग्रुप ठेवावा. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीमध्ये घोषणांची स्वतंत्र जागा मिळते, तिचा उपयोग करावा.

भांडण झाले की ग्रुपला कुलूप

‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय २०१८ मध्ये आली आणि एखादा राजकीय वाद झाला की अनेक ॲडमिन ती सुरू करतात व पुन्हा कधी बंद करत नाहीत. त्यामागे पोलिसी कारवाईची भीतीही असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगारी स्वरूपाने जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ काहीही चालू द्यावे असा नव्हे. ॲडमिनला आता कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, तो पुसावा, संबंधितांशी फोनवर बोलावे आणि बाकीच्यांचे बोलणे चालू ठेवावे.

परिणाम न विचारणे

सल्ला दिला गेला, आभार मानले गेले आणि विषय संपला, असे झाले की ग्रुपकडे सल्लेच साचतात, अनुभव साचत नाही. आठ-दहा दिवसांनी ॲडमिनने त्याच जुन्या संदेशाला रिप्लाय देऊन विचारावे, ‘भाऊ, डाऊनी आटोक्यात आली का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ते अधिक मोलाचे. घड जिरले (तयार होतानाच नाहीसे झाले), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) फसले, मणी तडकले, हे सांगायला बागायतदाराला संकोच वाटतो, कारण गावात चर्चा होते. असे कोणी मोकळेपणाने सांगितले, तर ‘आधीच सांगितले होते’ असा प्रतिसाद पहिल्यांदा येईल तेव्हाच थांबवावा. एकदा तो खपवून घेतला, की नुकसानीची गोष्ट पुन्हा त्या ग्रुपवर कोणी काढणार नाही. हे बोलणे जपूनही ठेवावे लागते. हंगामातील अशा पाच-सहा संवादांचे सार एका वहीत किंवा फाइलमध्ये उतरवावे आणि पुढच्या छाटणीच्या वेळी ते ग्रुपवर पुन्हा ठेवावे.

सर्वांना एकाच ग्रुपमध्ये घेणे

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य घेता येतात, म्हणून तेवढे घेतलेच पाहिजेत असे नाही. व्यापारी आणि कंपन्यांचे प्रतिनिधी त्याच ग्रुपवर असतील, तर सौदा कितीला झाला, कोणाचे पैसे थकले, कोणत्या औषधाने काम केले नाही, हे शेतकरी लिहिणार नाही. त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप असावा आणि बागायतदारांच्या ग्रुपमध्ये प्रवेश देताना नवा सदस्य कोणत्या गावचा, त्याची बाग किती व कोणत्या वाणाची, एवढे विचारून त्याची ओळख सर्वांना करून द्यावी. थॉमसनवाल्याला थॉमसनवाला आणि माणिक चमनवाल्याला माणिक चमनवाला सापडला, की पुढचे बोलणे ते स्वतःच सुरू करतात.