लेझरची पॉवर टक्क्यात नाही, मिलीअँपिअरमध्ये बघा

नाशिकच्या अंबडला आमच्या गाळ्यात सीओटूचं (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचं) ६० वॉटचं कटिंग मशीन आहे आणि शेजारी धातूवर खुणा करणारं २० वॉटचं फायबर लेझर. नवीन मशीन घेतलेली पोरं येऊन एकच विचारतात, सकाळी ॲक्रिलिक आरपार कापलं आणि दुपारी त्याच सेटिंगला खाली चिकटून राहतंय, ट्यूब गेली का? बहुतेक वेळा लेझर तयार करणारी काचेची ट्यूब ठणठणीत असते, तिला गार ठेवणारं पाणी तापलेलं असतं.

म्हणून आधी पाणी. ट्यूबमधला गॅस गरम झाला की त्याच्या रेणूंची खालची ऊर्जा-पातळी, जी लेझरसाठी रिकामी हवी, ती उष्णतेनेच भरायला लागते आणि उजेड कमी पडतो. नुसता पंखा आणि रेडिएटर असलेला चिलर (पाणी गार करणारं यंत्र) बाहेरच्या हवेपेक्षा थंड पाणी देऊच शकत नाही, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० डिग्री असताना तो काय करणार, त्यामुळे कॉम्प्रेसरवालाच घ्या. उन्हाळ्यात पाणी १८ ते २० डिग्रीवर ठेवा. पावसाळ्यात मात्र तेच १८ ठेवलं की ट्यूबवर दव धरतं आणि हाय व्होल्टेज तिथून उडतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी २३-२४ वर नेतो, पॉवर थोडी कमी मिळाली तरी चालेल.

मग करंट. गॅस एकदा पेटला की त्याचा रेझिस्टन्स खाली येतो, करंट वाढला की आणखी खाली, मोकळा सोडला तर करंट वाढतच जाईल. हे आवरायचं काम पॉवर सप्लायचं. ट्यूबच्या निगेटिव्ह वायरमध्ये सिरीजमध्ये काट्याचा मिलीअँपिअर मीटर बसवून घ्या, पण जाणकाराकडूनच, कारण मेन बंद केल्यावरही तिथे चार्ज राहतो आणि तो जीव घेऊ शकतो. आता कंट्रोलरवर पॉवर १० टक्क्यांपासून वर चढवत जा, प्रत्येक टप्प्याला छोटा शॉट मारा, काटा कुठे थांबतो ते वहीत लिहा. आमच्या ट्यूबला कंपनीने १८ मिलीअँपिअर सांगितलेत आणि ते ६५ टक्क्यांवरच येतात! मग कंट्रोलरमध्ये मॅक्स पॉवर ६५ ला लॉक. त्याच्या वर उजेड फारसा वाढत नाही, ट्यूबचं आयुष्य मात्र झपाट्याने घटतं. खाली ४-५ मिलीअँपिअरला डिस्चार्ज फडफडतो, मिन पॉवर त्याच्या जरा वर ठेवा, नाहीतर कोपऱ्यात कट तुटतो.

हा सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी बनवला, जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात, मला याचा फार अभिमान वाटतो.

आता पल्स. काचेच्या ट्यूबला २० किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम (म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) दिला तरी गॅस तेवढा चपळ नसतो, सरासरीच बाहेर येते. खरी पल्स क्यू-स्विचवाल्या फायबरमध्ये, क्यू-स्विच म्हणजे ऊर्जा अडवून एकदम सोडणारा झडपेसारखा भाग. गंगापूर धरणाचं बघा, दरवाजे बंद, पाणी साठतंय, आणि एकदम उघडले की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं. क्यू-स्विच हेच करतो, फक्त सेकंदाला हजारो वेळा. २० वॉट आणि २० किलोहर्ट्झ म्हणजे एका पल्सला १ मिलीज्युल, ती १०० नॅनोसेकंदात सुटली की पीक, म्हणजे त्या क्षणाची पॉवर, १० किलोवॉट! तेच २० वॉट ८० किलोहर्ट्झला चालवलं की पल्समागे पाव मिलीज्युल उरतं.

म्हणून तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव टाकायचं असेल तर फ्रिक्वेन्सी कमी ठेवा, ते धातू उजेड परत फेकतात, पीक जोरदार लागतो. स्टीलच्या डब्यावर काळं नाव हवं असेल तर फ्रिक्वेन्सी वर, स्पीड कमी, फोकस किंचित बाहेर. मशीनने दिलेल्या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली जाऊ नका, पल्स फार मोठी झाली तर सोर्सचाच फायबर जळतो.

आणि एक, ॲक्रिलिकचं झाकण सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा किरण अडवतं, पण फायबरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण त्यातून सरळ आरपार जातो आणि दिसत नसताना डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. गॉगल घेताना त्यावर १०६४ छापलंय का ते बघूनच घ्या, आणि झाकणाचा स्विच कितीही घाई असली तरी शॉर्ट करू नका.