अँटिव्हायरसनं टूल गिळलं? या चुका टाळा

महापे असो की वागळे इस्टेट, सुरक्षा ऑडिटच्या दिवशी हटकून घडतं ते हे: नेटकॅट, मिमीकॅट्झ, निरसॉफ्टची पासवर्ड टूल्स अशी तपासणीची टूल्स असलेली झिप उघडली आणि निम्म्या फायली गायब. मग 'फॉल्स पॉझिटिव्ह' (अँटिव्हायरसचा चुकीचा इशारा) म्हणायचं, अख्खं डाउनलोड्स फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळून टाकायचं आणि कामाला लागायचं.

मुळात हा बहुतेक वेळा फॉल्स पॉझिटिव्ह नसतोच. मिमीकॅट्झ विंडोजच्या मेमरीतून पासवर्ड आणि त्यांचे हॅश, म्हणजे सांकेतिक रूपं, काढतं. तुम्ही चालवा की चोर. दुसऱ्या मशीनवर दुरून प्रोग्राम चालवणारं पीएसएक्झेक तर मायक्रोसॉफ्टचंच, पण 2017 मध्ये नॉटपेट्या हे मालवेअर नेटवर्कभर पसरलं त्यात त्याचाही हात होता. ठाणे स्टेशनबाहेरच्या किल्लीवाल्याची आणि घरफोड्याची पिशवी उघडली, तर हत्यारं तीच निघतील.

म्हणून आधी विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसच्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त पकडलेल्या धोक्याचं नाव वाचा. सुरुवातीला 'हॅकटूल' असेल तर अँटिव्हायरसनं बरोबर ओळखलंय. शेवटी '!एमएल' असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज, आणि चूक होते ती बहुधा इथे. पायइन्स्टॉलरनं (पायथन स्क्रिप्टचा एक्सई प्रोग्राम बनवणारं टूल) बांधलेली घरगुती स्क्रिप्ट यात नेहमी अडकते, कारण त्याचा तोच बूटलोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारा तयार भाग, मालवेअरवालेही वापरतात. 'वनफाइल' (सगळं एका फाइलमध्ये) ऐवजी 'वनडिर' (एका फोल्डरमध्ये) बिल्ड करा, फाइल आवळून लहान करणारं यूपीएक्स बंद ठेवा, बूटलोडर स्वतः कंपाइल करा. तरीही अडलं तर फाइल मायक्रोसॉफ्टकडे तपासणीला पाठवा.

टूल खरं आहे का, हे फाइलच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या मजकुरातून निघणाऱ्या ठशावरून, ठरतं. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' चालवलं की एसएचए-256 चे 64 अक्षर-अंक मिळतात. ते मूळ साइटवरच्या हॅशशी ताडा. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवरही हॅशच शोधा. फाइल चढवलीत की ती इतरांच्या हाती लागू शकते, आणि आत क्लायंटचं कॉन्फिगरेशन असेल तर काम वाढलंच म्हणून समजा.

वगळायचंच असेल तर एकच वेगळं फोल्डर घ्या, तिथे लिहिण्याचा हक्क फक्त अ‍ॅडमिनला द्या. डाउनलोड्स वगळलंत तर उद्या मेलमधून येणारं बनावट इन्व्हॉइसही तिथेच निवांत बसेल. 'प्रोसेस' एक्सक्लूजननं (चालू प्रोग्राम वगळण्याच्या पर्यायानं) तर अनेकांची फसगत होते: डिफेंडरमध्ये त्यानं त्या प्रोसेसनं उघडलेल्या फायली वगळल्या जातात, त्या प्रोग्रामची एक्सई फाइल स्वतः नाही. म्हणजे टूल पुन्हा उडतं आणि सुरक्षेतलं भोक मात्र राहतं. कंपनीच्या लॅपटॉपवर हे परस्पर करूच नका. सुरक्षा टीमला हॅश, मशीनचं नाव आणि टूल किती ते किती वाजेपर्यंत हवंय ते कळवा.

शेवटी 68 बाइटची आयकार चाचणी फाइल (अँटिव्हायरस तपासायची निरुपद्रवी फाइल) डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करून बघा. ती लगेच पकडली गेली पाहिजे. राहिली, तर वगळताना हात जास्त सैल सुटलाय. ऑडिट संपलं की पॉवरशेलच्या 'रिमूव्ह-एमपीप्रेफरन्स' आज्ञेनं ते फोल्डर वगळलेल्यांच्या यादीतून काढा, आणि हे त्याच संध्याकाळी करा.