ओल्या थंडीत सफरचंद कसे लावावे

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, ग्लासगोला स्थायिक झालेल्या मराठी घरांत परसात सफरचंद लावायची हौस असतेच. थंडीची काळजी करू नका, ती या झाडाला हवीच असते. त्रास पावसाचा. पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. ग्लासगोत ११०० च्या पुढे, तोही बारमाही. पाने वाळायला उसंत मिळत नाही, मग पानांवर स्कॅब आणि सालीवर कँकर या बुरशी ठाण मांडतात.

त्यामुळे जात निवडण्यात घाई नको. कॉक्स आणि गाला खायला कितीही आवडोत, ओल्या हवेत दोन्हींना कँकर धरतो. एडिंबरोची जेम्स ग्रीव्ह ही जात पूर्वेकडच्या कोरड्या हवेत छान, पश्चिमेला मी सुचवणार नाही. खायला डिस्कव्हरी घ्या आणि शिजवायला आंबट ग्रेनाडिअर. दोन्ही स्कॅबला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. दोन्हींचा मोहोर साधारण एकाच वेळी येत असल्याने परागीभवनाचीही सोय होते. कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळे देणाऱ्या कोणत्या खालच्या रोपावर, बांधले आहे तेही विचारा. एमएम १०६ सगळीकडे मिळतो, पण पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याचा बुंधा कुजतो. तिथे एम ११६ बरा.

जागा ठरवण्याआधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर खड्ड्यात लावूच नका. माती ओढून वीतभर उंच, मीटरभर रुंद उंचवटा करा आणि त्यावर लावा. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची रोपे मिळतात, ती स्वस्तही पडतात. जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना, बर्फ नसलेल्या दिवशी लावा. कलमाचा जोड मातीच्या चार बोटे तरी वर हवा. बुंध्याभोवती गवत वाढू देऊ नका.

छाटणी करताना मधल्या फांद्या काढून झाड वाडग्यासारखे मोकळे ठेवा, म्हणजे वारा आतून खेळतो आणि पाने लवकर सुकतात. कोरडा दिवस गाठूनच कात्री चालवा. फांदीवर साल खचून कडेने तडकलेली दिसली, तर तो कँकर. आतले लाकूड स्वच्छ, तपकिरी डागाविना दिसेपर्यंत मागे कापा, कापलेले जाळा आणि करवत स्पिरिटने पुसा.

पानांवर हिरवट-काळे मखमली ठिपके म्हणजे स्कॅब. तो मुख्यतः गळलेल्या पानांत हिवाळा काढतो, म्हणून शरदात पाचोळा झाडाखाली राहू न देता उचलून टाका.